चौथी युकुलेले

रंजीता रामटेकेचा आवाज मार्च महिन्यात गेला. सगळा नाही गेला. खालचा होता तसाच राहिला, भाजीवाल्याशी भाव करण्यापुरता, जीपमध्ये बसलेल्या नवऱ्याला हाक मारण्यापुरता. गेला तो वरचा, ज्याच्यावर तिनं अठरा वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांचं स्टेज सांभाळलं होतं.

गळ्यात थायरॉइडची गाठ होती. नागपूरला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, घरच्यांच्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो, पण बोलायला अडचण येणार नाही. तसं कागदावरही लिहिलेलं होतं. सही करताना गाण्याबद्दल कोणी विचारलं नाही, आणि रंजीतानंही सांगितलं नाही. त्या घटकेला गाण्यापेक्षा जीव मोठा वाटला. टाके निघाल्यावर काही दिवसांनी अंघोळ करता करता तिनं सवयीनं एक ओळ उचलली, आणि वरचा सा यायच्या आतच आवाज फाटला. तिनं पुन्हा उचलली. पुन्हा तिथंच फाटला. डोक्यावर पाणी ओतायचं विसरून ती तशीच बसून राहिली.

"वर्षभर वाट पाहा," डॉक्टर म्हणाले. "कधीकधी नस परत काम करायला लागते."

या 'कधीकधी'नं तिची दैना केली. नाहीच येणार असं म्हटलं असतं, तर चार दिवस रडून ती मोकळी झाली असती. आता रोज सकाळी उठून आवाज पाहायचा, नाही आला की उद्या पाहायचा. मधला सगळा दिवस पायाखाली निखारे असल्यासारखा जायचा. धुतलेली भांडी ती पुन्हा धुवायची. सावली गावच्या बाजारात जायची आणि काय आणायचं होतं ते विसरून परत यायची. खुर्चीवर बसली की दोन मिनिटांत उठायची, दारापर्यंत जायची, परत फिरायची.

"बस ना व एका जागी," सासू अंजनाबाई म्हणायची. "पायाले भिंगरी लागली का तुह्या? पाहून पाहून मलेच चक्कर येते."

नवरा प्रवीण सावलीहून मूल गावापर्यंत काळी-पिवळी जीप चालवायचा. जेवताना तो तिचं ताट अर्धं उरलेलं पाहून घ्यायचा.

झाडीपट्टीतली नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात आणि होळीपर्यंत गावोगावी चालतात. नाटक मंडळांची ऑफिसं वडशाला. पोळा झाला की तिथं पाट्या रंगायला लागतात, कोणत्या मंडळात कोण, याची बोलणी होतात. रंजीताच्या मंडळाचे मालक वामनराव. त्यांचा पहिला फोन पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी आला.

"रंजीताबाई, तब्बेत कशी आहे?"

"बरी आहे, भाऊ."

"मंग जाहिरातीत नाव टाकतो ना? गाण्याची भूमिका तुमचीच ठेवली."

"दोन-चार दिवसांत सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवून परसात गेली, परसातून अंगणात आली, अंगणातून पुन्हा परसात गेली.

त्याच आठवड्यात आदेश भेटायला आला. आदेश मंडळात ऑर्गन वाजवायचा, तिशीचा, बोलायला लाजरा, पण बोटं बोलकी. मंडळात आवाजाचं रंजीतानं त्याला एकट्यालाच सांगितलं होतं. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत एक एवढीशी गिटार होती. चार तारांची, कुशीत मावेल अशी.

"हे काय गा? लेकरायचं खेळणं आणलं का?" अंजनाबाईनं विचारलं.

"युकुलेले म्हणतात, आजी." मग तो रंजीताकडे वळला. "ताई, ऑर्गन तुमच्या आवाजावर चढून बसते. त्याच्यासंगं गाऊन पाहाल तर घसा अजून ताणन. हिच्यावर हळूहळू सुरू करा. तुमची पट्टी पेटीची पांढरी सहा आहे, तिचे तीन हात सोपे आहेत."

त्यानं तीन हात, म्हणजे तारांवर बोटं धरायच्या तीन तऱ्हा, दाखवले. बोटं कुठं ठेवायची, कोणता हात कधी बदलायचा. रंजीतानं ती छोटी गिटार छातीशी धरली आणि अंगठ्यानं तारा छेडल्या. आदेशचा चहा गार झाला, अंजनाबाईचा डोळा लागला, तरी ती पायरीवरून उठली नव्हती. किती महिन्यांनी ती तासभर एका जागी बसली होती.

जाताना आदेशनं आपली युकुलेले परत पिशवीत घातली, आणि रंजीताच्या हातांना एकदम काही सुचेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती प्रवीणच्या जीपमधून मूलला गेली आणि तिथून चंद्रपूरची बस धरली.

गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत इंदुताईचं वाद्यांचं दुकान होतं. वडील तबले मढवायचे. ते गेल्यावर इंदुताईनं दुकान चालवलं, तबल्याच्या जोडीला गिटारी आणल्या, कीबोर्ड आणले. साठीची बाई, चष्मा नाकावर घसरलेला, बोटांना शाई लागलेली.

"युकुलेले? आहेत ना." तिनं भिंतीकडे बोट केलं. "कोणासाठी पाह्यजे?"

"माह्यासाठी."

भिंतीवर चार खुंट्यांना चार लटकत होत्या, लहानीपासून मोठीपर्यंत, जशा काही एका घरच्या बहिणी. इंदुताई एकेक दाखवत गेली. सगळ्यात लहान ती सोप्रानो, एकवीस इंच. तिच्यावर कॉन्सर्ट, तेवीस इंच. मग टेनर, सव्वीस. आणि शेवटची थोराड ती बॅरिटोन, तीस इंच, जवळजवळ गिटारच.

"तुमी गाता?" इंदुताईनं विचारलं.

"थोडंफार," रंजीता म्हणाली. तालुक्या-तालुक्यात जिचे फोटो विजेच्या खांबांवर लागायचे ती बाई थोडंफार म्हणाली.

"मंग एकदा गाऊन पाहा. आवाजासंगं जे बसते ते घ्या."

"नाई, नाई. गाणं नंतर. मले ही लहानी द्या." आदेशकडे होती तशीच. रंजीताला खुंटीवरून काढेपर्यंतही धीर निघत नव्हता.

"खरचटली नाई तर आठ दिवसांत बदलून देते," इंदुताई म्हणाली.

घरी आल्यावर रंजीतानं दारं लावून घेतली. तीन हात तिला पाठ होते. तिनं धरले, तारा छेडल्या, आणि अठरा वर्षांत हजारदा गायलेल्या गाण्याची पहिली ओळ उचलली. तारा चिमण्यांसारख्या चिवचिवल्या, आणि आवाज नेहमीच्या जागी फाटला. तिनं परत घेतलं. बोटं एकमेकांवर चढत होती. पडदे इतके जवळ की एका बोटाची जागा घेताना शेजारचं बोट निसटायचं. इथंच चुकते, तिच्या मनानं घेतलं. बोटाकडे लक्ष जाते म्हणून गळा आवळते. ही माह्या हाताची नाई.

चौथ्या दिवशी ती पुन्हा चंद्रपूरच्या बसमध्ये होती.

इंदुताईनं लहानी उलटून पाहिली, खरचटली नव्हती, आणि कॉन्सर्ट काढून दिली. ही हातात बरी बसली. बोटांना जागा मिळाली, सूर थोडा भरदार झाला. बसमध्ये बसल्या बसल्या चिचपल्लीच्या जंगलातून जाताना रंजीता मांडीवरच्या पिशवीवरून बोटं फिरवत होती. शेजारच्या बाईनं दोनदा वळून पाहिलं. घरी येईपर्यंत तिला वाटायला लागलं होतं की आज होईन. दोन दिवस वाटत राहिलं. मग तिनं गायलं, आणि बरोबर त्याच पायरीवर, एक इंचही इकडे तिकडे नाही, आवाज फाटला.

त्याच दुपारी वामनरावांचा दुसरा फोन आला. "बाई, पाटीवाला पेंटर बसून आहे. टाकू का नाव?"

रंजीता अंगणात उभी होती. हातात युकुलेले होती. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "टाका."

फोन ठेवल्यावर तिनं युकुलेले पिशवीत भरली. आता तर थांबून चालणारच नव्हतं. रात्री जेवताना ती प्रवीणला म्हणाली, "उद्या चंद्रपूरले जाते."

"परत?"

"ही पण लहान होते."

प्रवीणनं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला. "साइजचंच आहे ना?" त्यानं विचारलं.

"मंग कायचं आहे?" ती इतक्या जोरानं म्हणाली की अंजनाबाईनं आतून खोकून दाखवलं.

तिसऱ्या खेपेला दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. रंजीतानं कॉन्सर्ट काउंटरवर ठेवली आणि सरळ तिसऱ्या खुंटीकडे बोट दाखवलं. इंदुताईनं टेनर काढली नाही. तिनं चष्मा वर सरकवला.

"बाई, एक सांगू का? या तिघींच्या तारा एकाच सुरात लागतात. अंग मोठं झालं की आवाज भरदार येते, बोटाले जागा होते, पण सूर तोच. तुमाले जिथं अडते ना, तिथं तिघीही अडन."

"मी कुठी म्हटलं अडते म्हणून?"

"आठ दिवसांत तिसऱ्यांदा येऊन राह्यल्या. बोटं बरोबर पडतात तुमची, मी पाह्यलं. मंग दुसरं काय अशीन?" इंदुताई स्टुलावर चढली आणि चौथ्या खुंटीवरची बॅरिटोन काढून तिच्यापुढे ठेवली. "हिच्या तारा वेगळ्या. तुमी धरता तेच हात धरा. पेटीच्या पाच पट्ट्या खाली वाजन. पांढरी सहाची पांढरी तीन होते."

रंजीतानं ती मांडीवर घेतली. गळा लांब, हात ताणावा लागला. तिनं पहिला हात धरून तारा छेडल्या. चिवचिव नाही, ठणठण नाही. विहिरीत बादली हळूच टेकावी तसा आवाज आला. तिच्या गळ्यात आपोआप काहीतरी हललं, ओळ ओठांपर्यंत आली, आणि तिनं ओठ घट्ट मिटले. पांढरी तीन म्हणजे म्हाताऱ्या बायांचा सूर. भजनातल्या, दात पडलेल्या बायांचा.

"नाई," ती म्हणाली आणि बॅरिटोन परत दिली. "मले ती तिसरी द्या."

इंदुताईनं टेनर पिशवीत घातली. "ही पण आठ दिवसांत बदलून देईन," ती म्हणाली. रंजीताला राग आला. इंदुताईचा की स्वतःचा, ते बस मूलला पोचेपर्यंतही तिला ठरवता आलं नाही.

टेनरवर तिनं सहा दिवस मेहनत केली. बोटांची टोकं सोलवटून निघाली. हात इतके सरावले की डोळे मिटूनही चुकत नव्हते. गाण्याचं मात्र तिनं पुढं ढकललं. आधी हात पक्के होऊ दे. मग घसा मोकळा होऊ दे. मग पाणी कोमट पिऊ. सातव्या दिवशी फोनबिन न करता वामनराव आणि आदेश मोटरसायकलवर दारात आले. वामनरावांच्या हातात नव्या नाटकाची वही होती.

"म्हटलं गाण्याची पट्टी पक्की करून टाकू," वामनराव खुर्चीवर टेकत म्हणाले. मोठ्या अंगाचे, कपाळावर घाम, बोलणं मात्र मऊ. "मंग तालमीत वेळ जात नाई."

अंजनाबाईनं चहा टाकला. प्रवीण नुकताच जेवायला आला होता, तो ओट्यावर बसला. रंजीतानं टेनर घेतली. तिला वाटलं, माणसांसमोर येते. स्टेजवर गेलं की ताप उतरायचा, तसं आताही येईन. तिनं तारा छेडल्या आणि पहिली ओळ घेतली. पहिली गेली. दुसरी ओळ वर चढते, ती चढली आणि फाटली.

शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली.

तिनं परत घेतली. या वेळी आवाज फाटलाही नाही. नुसती हवा निघाली.

"पाणी प्या, बाई," वामनराव म्हणाले. त्यांनी वही उघडली, दोन पानं उलटली, मिटली. "मले फोनवरच सांगतलं असतं तरी चाललं असतं. माणूस आजारी पडते, त्यात कायची लाज." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "असं करू. नाव राहू द्या. गाण्याची भूमिका मंडळातल्या सरिताले देतो. तुमी मायची करा. तीनच सीन आहेत, पण लोकायचे डोळे पुसाले लावन असे आहेत."

माय. चाळिशी ओलांडून एकच वर्ष झालं होतं तिला. "बरं," ती म्हणाली.

निघताना आदेश मागं रेंगाळला. "ताई, सूर खाली घेऊन पाह्यला तर?"

"कायले खाली घेऊ? मी म्हातारी झाली का?"

आदेशनं मान खाली घातली आणि मोटरसायकलच्या मागं जाऊन बसला.

पुढचे दोन दिवस टेनर पिशवीतच राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चप्पल घालून निघाली आणि चालत सुटली. गाव मागं टाकलं, आसोलामेंढ्याच्या कालव्याची पाळ धरली आणि चालत राहिली. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. दोन्हीकडे धान पोटरीवर आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात. कालवा भरून वाहत होता. तिला वाटत होतं, थांबलं की रडू फुटेल. म्हणून ती थांबत नव्हती.

"रंजीता नाई का व ही?"

बांधावर चार बाया पान खात बसल्या होत्या. सकाळपासून धानातलं गवत काढून त्यांचे हात चिखलानं भरले होते. हाक मारणारी बुधरी होती. सत्तरीच्या आसपासची, काळीसावळी, काटक. दर वर्षी नाटकाला पहिल्या रांगेत पोतं अंथरून बसणारी.

"बस. गवत पाहून पाहून डोळे गेले आमचे. एक गाणं म्हण."

"माहा आवाज गेला, मावशी. ऑपरेशन झालं."

"बोलून तर राह्यली."

"बोलण्याचा आहे. गाण्याचा गेला."

"मंग बोलण्याच्याच आवाजात म्हण," बुधरी म्हणाली. जसं काही त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

रंजीताचे पाय दुखत होते. ती बांधावर टेकली. हातात वाद्य नव्हतं, समोर पेटी नव्हती, कोणता सूर लागला हे सांगायला कोणी नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेली एक रोवण्याची, धान लावताना म्हणायची ओळ धरली.

'नदीले इचारू नोको, गेली कुठी बाई…'

ओळ खालीच सुरू झाली. दुसरी वर चढली, पण फार वर नाही, आणि चढून उतरली. तिला कळलंच नाही ती कधी उतरली. तिसरी आली. बायांपैकी एकीनं मागून साथ धरली. कडवं संपलं तरी आवाज फाटायची वाट पाहणारा तिचा खांदा ताठच होता.

बुधरीनं पानाची पिचकारी टाकली. "हे बरं आहे," ती म्हणाली. "पहिले तुहं गाणं आयकताना मले भेव वाटे. इतकी वर जाय तू, मले वाटे आता तुटते का मंग तुटते. पदर घट्ट धरून बसो मी. आता आयकताना निवांत वाटते."

अठरा वर्षं पहिल्या रांगेत बसून ही बाई घाबरत होती, हे रंजीताच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. बायांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं करून त्या धानात उतरल्या. ती तिथं बसून राहिली नाही. उठली आणि आली होती त्याच्या दुप्पट वेगानं घराकडे निघाली.

प्रवीण जीप पुसत होता. ती टेनरची पिशवी घेऊन बाहेर आली आणि पुढच्या सीटवर बसली.

"मूलले?" त्यानं विचारलं.

"चंद्रपूर."

त्यानं फडकं पिळलं, वाळत टाकलं आणि स्टँडवर फोन करून सांगितलं की आज माही फेरी दुसऱ्याले द्या. चिचपल्ली गेल्यावर ती म्हणाली, "साइजचं नव्हतं."

"हं," प्रवीण म्हणाला. "मले वाटलंच होतं." मग थोड्या वेळानं, "पण तुले सांगून उपयोग नव्हता."

दुकानात त्या दिवशी गर्दी होती. एक मास्तर शाळेसाठी ढोलक पाहत होते, दोन कॉलेजच्या पोरी गिटारीच्या तारा मागत होत्या. रंजीतानं टेनर काउंटरवर ठेवली. इंदुताईनं तिच्याकडे पाहिलं, आणि आठ दिवस उलटून गेले होते तरी बॅरिटोन काढून दिली. रंजीता स्टुलावर बसली. लांब गळ्यावर हात ताणला गेला, पण सहा दिवसांच्या मेहनतीनं बोटं आता हुशार झाली होती, त्यांनी आपापली जागा घेतली. तिनं तारा छेडल्या आणि कालव्यावरची ती ओळ घेतली. या वेळी माणसांसमोर, उघड्या दारात.

मास्तरांनी ढोलकावरचा हात उचलला. पोरींपैकी एकीनं फोन काढला, दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. दारात उभा असलेला प्रवीण रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

गाणं काही फार छान झालं असं नाही. एका जागी हात बदलायला उशीर झाला, एका जागी श्वास पुरला नाही. पण फाटलं नाही.

"हात दुखला?" इंदुताईनं विचारलं.

"दुखते."

"दुखन महिनाभर. सव्वीसवरून तीसवर आल्या तुमी." तिनं एक तार पिळून घेतली. "ही बदलून देणार नाई आता. शेवटची आहे, माह्यापाशी दुसरी नाई."

घरी पोचायच्या आधीच, जीपमधूनच, रंजीतानं वामनरावांना फोन लावला.

"भाऊ, मायची भूमिका करते. पण माय एक गाणं म्हणन."

"नाटकात माय कुठी गाते, बाई? माय रडते."

"आपल्याकडच्या सगळ्या माया गातात. रोवण्याले गातात, मांडवात गातात, पाळण्यापाशी गातात. तुमची माय गात नोती का?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "सूर कोणता?"

"पांढरी तीन."

"आदेशले विचारा लागन. तालमीत पाहू," वामनराव म्हणाले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रंजीताला पुन्हा चैन पडेना. दसऱ्यापर्यंत ती रोज अंगणात येरझारा घालत राहिली, फक्त आता गळ्यात पट्टा होता आणि पोटाशी बॅरिटोन. चालता चालताच ती हात बदलायला शिकली. अंजनाबाई म्हणाली, "पह्यले नुसती फिरे. आता वाजवत फिरते."

दसऱ्यानंतर वडशाला तालीम लागली. भर दुपारी, पत्र्याच्या हॉलमध्ये, पंखा कुरकुरत असताना, तिची पाळी आली. सरिता भिंतीला टेकून बसली होती. पंचवीस वर्षांची, गळा कोवळा, नवीन भूमिकेनं घाबरलेली. आदेशनं ऑर्गनवर हात ठेवले, मग काढून घेतले. "ताई, तुमी एकट्याच गा. मी धृपदाले खालून येतो."

ती गायली. तीन कडवी. संपल्यावर सरिता उठून पाण्याचा ग्लास घेऊन आली, आणि द्यायचा की नाही अशी उभी राहिली. वामनरावांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"दोन कडवी ठेवू," ते म्हणाले. "लोकायले लढाईच्या सीनची घाई असते."

"तीन."

"दोन, बाई. तिसरं गावात मागतलं तर म्हणा."

त्यावर ती भांडली. अर्धा तास भांडली, चहा येईपर्यंत भांडली, आणि दोन कडव्यांवर आली. पण त्यांचं ठिकाण तिनं बदलून घेतलं. लढाईच्या आधी नाही, नंतर.

सीझनमध्ये मार्च लागेपर्यंत पंचावन्न प्रयोग झाले. काही गावांत तिसरं कडवं मागितलं गेलं. काही गावांत माय युकुलेले घेऊन बसली की माणसं पान खायला उठली. एका गावी माइक बंद पडला आणि तिनं तसंच गायलं. मागच्या रांगांना काही ऐकू आलं नाही, त्यांनी आरडाओरडा केला. वन्स मोअर तिला तीनदाच मिळाला. पूर्वी एका प्रयोगात तीन मिळायचे.

मार्चमध्ये वर्ष भरलं. ती नागपूरला दाखवायला गेली. डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून घसा पाहिला, तिला आ म्हणायला लावलं, ई म्हणायला लावलं, वर चढायला लावलं. उजवी बाजू अजून ढिलीच आहे, ते म्हणाले. आता फारशी आशा धरू नका, पण व्यायाम चालू ठेवा.

रंजीतानं मान हलवली. वाटलं होतं तितकं लागलं नाही. पण लागलंच नाही असंही नाही. जिन्यात एका पायरीवर ती क्षणभर थांबली, कठडा धरला. मग घड्याळ पाहिलं. संध्याकाळी ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात प्रयोग होता आणि बस सुटायला वीस मिनिटं होती. बॅरिटोनची पिशवी तिनं औषधाच्या दुकानात ठेवायला दिली होती. ती घेऊन ती रस्ता ओलांडून जवळजवळ धावतच स्टँडवर पोचली. बस भरलेली. वरच्या फळीवर ती पिशवी मावेना. तिनं ती दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली. शेजारचा माणूस अंग चोरून सरकला आणि म्हणाला, "बाई, हे जरा तिकडं करता का?"

"तिकडं जागा नाई, भाऊ," रंजीता म्हणाली, आणि भिवापूर येईपर्यंत तिची बोटं पिशवीवरूनच दुसऱ्या कडव्याचे हात धरत राहिली.